कोड नको, पण 'दाखव' तरी म्हणा

'सॉफ्टवेअर टीमच्या मॅनेजरला कोडिंग आलंच पाहिजे' असं बरेच जण म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. आमचा एक साहेब सिव्हिल इंजिनिअर होता. डेटाबेसमधला इंडेक्स (माहिती पटकन शोधून देणारी सूची) म्हणजे काय ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही, पण रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करण्याच्या, आदल्या दिवशी 'रोलबॅक (बिघडलं तर जुन्यावर परत जाणं) करून पाहिला का? कोणी? दाखव' म्हणत सगळ्यांना घाम फोडायचा. त्याच्यानंतर आलेला चांगला जावा प्रोग्रामर, पण आम्हाला न विचारता क्लायंटला तारीख देऊन मोकळा!

ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं बघा. एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या सिस्टिमवर हलवली आणि लाखो लोकांना ऑनलाइन खातंच उघडेना. डेटा सेंटर दोन, काही महत्त्वाच्या चाचण्या मात्र एकावरच झालेल्या. सिस्टिम उभारणाऱ्या कंपनीने सिस्टिम तयार असल्याचं पत्र दिलं होतं, पण त्यातही बरंचसं 'होईल, अपेक्षित आहे' याच थाटाचं. २०२३ मध्ये नियामकाने बँकेच्या तेव्हाच्या सीआयओला (आयटी प्रमुखाला) वैयक्तिक ८१,६२० पौंड दंड ठोठावला. कारण, पुरवठादारावर नीट देखरेख ठेवली नाही. आता तो काही तांत्रिक अडाणी म्हणता येणार नाही. आपल्याकडे असा दंड लागला तर 'ऑलमोस्ट डन' ऐकून एक्सेलमधला 'काम झालं'चा रकाना हिरवा करणारे किती जण उरतील, देव जाणे.