१५०० वॅटचा रॉड, अँपिअर मात्र साडेपाचच

सिडकोकर_७७
मंडळी शंका बाळबोध आहे, हसू नका. नाशकात डिसेंबरात सकाळी टाकीचं पाणी काय असतं तुम्हाला माहितीये, म्हणून बादलीत टाकायचा रॉड आहे, १५०० वॅट २३० व्होल्ट छापलेला. यंदा वीस लिटरची बादली तापायला चाळीस मिनिटं घेतोय, पूर्वी अर्धा तास लागायचा. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणे रॉड वीक झाला, नवीन घ्या. म्हटलं आधी मोजू. भाच्याचा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा अडकवून अँपिअर मोजतो तो) आणला, अख्ख्या केबलवर अडकवला तर शून्य (जाणारा-येणारा करंट एकमेकाला खोडतो म्हणे), मग एकच वायर सुटी करून अडकवला तेव्हा ५.५ अँपिअर. १५०० भागिले २३० म्हणजे साडेसहा यायला पाहिजे ना? प्लग काढून दोन पिनांमधे मोजलं तर ३५.७ ओहम, पण २३० भागिले ५.५ केलं तर येतात ४२. मग रॉड नक्की कितीचा? मीटरच खोटा असेल म्हणून जुना शंभरचा पिवळा बल्ब मोजला, तो ४० ओहम दाखवतो आणि हिशोबाने यायला पाहिजेत ५२९. डोकं आउट झालंय.

सातपूर_आयटीआय
मीटर बरोबर, रॉड पण बरोबर, गडबड तुझ्या २३० मधे आहे. अँपिअर मोजलेस, ओहम मोजलेस, व्होल्ट मात्र छापलेले धरलेस.

रॉडचे खरे ओहम काढायचे तर २३० चा वर्ग भागिले १५००, येतात ३५.३. तुझे ३५.७ आले कारण त्यात मीटरच्या प्रोबच्या (टोकदार काड्यांच्या) वायरींचे ०.३-०.४ आहेत, दोन्ही टोकं एकमेकांना टेकव, दिसतील. म्हणजे रॉड नव्यासारखा आहे. मुळात कॉइल अशी 'वीक' होत नसते रे, चालते नाहीतर तुटते. वरती क्षार चढला तरी वॅट तेवढेच राहतात, फक्त उष्णता बाहेर पडायला अडते म्हणून आतली कॉइल जास्त तापून लवकर जळते.

आता उलटा हिशोब कर. ५.५ गुणिले ३५.३ म्हणजे साधारण १९४. रॉडला १९४ व्होल्टच मिळतायत. वॅट झाले १९४ गुणिले ५.५, म्हणजे १०६७. व्होल्ट १५-१६ टक्केच कमी पण वॅट जवळपास तीस टक्के गेले, कारण व्होल्ट पडले की अँपिअरही पडतात, दुहेरी मार. वीस लिटर पाणी १५ अंशावरून ४५ ला न्यायला १५०० वॅटने २८ मिनिटं लागतात, १०६७ ने ३९. तुझी चाळीस मिनिटं हीच.

बल्बचं म्हणशील तर तो गार मोजलास. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशाच्या आसपास जाते आणि तिचे ओहम बारा-तेरापट होतात, म्हणून तर बल्ब बहुतेक वेळा बटण दाबतानाच उडतो. रॉडमधली नायक्रोम (निकेल-क्रोमियमची तार) तापून फारशी बदलत नाही, म्हणून तिला गार मोजलं तरी चालतं.

सिडकोकर_७७
बोर्डाच्या शेजारच्या होलमधे मोजलं. रॉड बंद असताना २१४, चालू केला की १९५! वीज कंपनीकडे तक्रार टाकू का?

जुना_वायरमन
थांबा साहेब. २१४ पर्यंत ठीक आहे, संध्याकाळी गिझर-ओव्हन लागले की होतं तेवढं. पण रॉड लावल्यावर १९ व्होल्ट पडले ते बहुतेक तुमच्याच घरात पडलेत. १९ भागिले ५.५ म्हणजे साडेतीन ओहम. दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिमी जाडीच्या) तांब्याच्या वायरीला शंभर मीटरला सव्वा ओहमसुद्धा नसतो, तुमचं घर एवढं मोठं आहे का 😄 कुठंतरी सांधा ढिला आहे आणि तिथं १९ गुणिले ५.५ म्हणजे शंभर वॅट नुसते जळतायत, सोल्डरिंग गनच समजा. 'बोर्ड' म्हणता म्हणजे एक्स्टेंशन ना? रॉड १५ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवर आहे की जाड पिनेला कन्व्हर्टर लावून पाचच्या होलात? मेन बंद करून, प्लग काढून मग हात लावून बघा. तोवर रॉड वापरू नका.

बागायतदार_निफाड
मधेच घुसतो. आमच्या बोअरच्या पाच एचपी मोटरचं वाइंडिंग ३ ओहम दाखवतं, मग ४१५ भागिले ३ म्हणजे १३८ अँपिअर व्हायला पाहिजेत, चालते तर साडेसातवर?

सातपूर_आयटीआय
मोटरला हा हिशोब लावू नका दादा, ती फिरायला लागली की आतून उलटा व्होल्टेज तयार करते, तोच करंट अडवतो. थ्री फेजला १.७३ गुणिले व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले पॉवर फॅक्टर (करंटातला खरा कामाला येणारा वाटा), ०.८५ धरला तर तुमची साडेचार किलोवॅट खेचते, त्यातले ३.७ शाफ्टला मिळतात. आणि व्होल्ट पडले की रॉड कमी अँपिअर घेतो, मोटर उलट जास्त घेते नि वाइंडिंग जळतं.

सिडकोकर_७७
काका पाय कुठायत तुमचे. कन्व्हर्टर लावून एक्स्टेंशनच होतं. बोर्ड उघडला तर न्यूट्रलचा स्क्रू बोटाने फिरत होता आणि वायरचं प्लास्टिक करपून बिस्किटासारखं तुटलं, वास अजून हाताला येतोय. बाथरूमबाहेर पॉवर पॉइंट काढून घेतला, अडीच एमएम वायर टाकून. आता रॉड चालू असताना २११ व्होल्ट, ६ अँपिअर, बादली चौतीस मिनिटांत. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला सांगितलं तर म्हणे मी तेच तर म्हणत होतो.