आचरट हाणामारी आणि पोटातली कळ: प्रौढांच्या विनोदी ॲनिमेशनमध्ये दोन्ही खरंच जमतं का?

तलावपाळीकर:
धुमाकूळ किती आणि भावना किती, असं माप काढणंच चुकीचं आहे. दोन्हींचं कारण एक असावं लागतं. 'रिक अँड मॉर्टी'चा २०१७ चा 'पिकल रिक' घ्या. आजोबा लोणच्याची काकडी होतो, गटारात पडतो, उंदरांचे अवयव जोडून हातपाय बनवतो. निव्वळ आचरटपणा. पण काकडी झालाय कशाला? घरच्यांबरोबर समुपदेशनाला जायला लागू नये म्हणून. पुन्हा माणूस करणारी सिरिंज त्यानं आधीच टांगून ठेवलेली असते. मुलीच्या ते लक्षात येतं आणि ती सिरिंज घेऊन चालू लागते. पुढे मेलेला प्रत्येक उंदीर त्या पळपुटेपणाच्या खात्यावर.

लिहिणाऱ्यांनी एवढं करून बघावं: पात्र कशापासून पळतंय ते एका ओळीत लिहायचं, मग पटकथेतून सगळी मारामारी काढायची. कुठेच खड्डा पडला नाही, तर ती मारामारी भरताड होती.

ऐरोली_२४_फ्रेम:
साफ असहमत. ही युक्ती आता सगळ्यांना पाठ झालीय. एकोणीस मिनिटं धिंगाणा, शेवटची तीन मिनिटं उदास गाणं, की झाली 'खोली'!

कळ माहितीतून यावी, गाण्यातून नाही. 'फ्युचरामा'चा २००२ चा 'जुरासिक बार्क' बघा. फ्रायला आपल्या कुत्र्याचा जीवाश्म सापडतो. कुत्रा पंधराव्या वर्षी मेला, फ्राय गोठून थेट हजार वर्षं पुढे गेला तेव्हा तीनचा होता. म्हणजे बारा वर्षं तो आपल्याशिवाय सुखात जगला, असा हिशेब करून फ्राय त्याला परत जिवंत करणं थांबवतो. मग आपल्याला दिसतं की ती बारा वर्षं कुत्रा पिझ्झाच्या दुकानाबाहेर वाट बघत होता. फ्रायला हे कळत नाही, फक्त आपल्याला कळतं. शेवटी गाणं आहेच, पण ते काढलं तरी घाव बसतो.

आणि तरीही पुढच्या भागात फ्राय ठणठणीत! दर आठवड्याला पाटी कोरी होणार असेल, तर असल्या दुःखाला भाड्याचं दुःख म्हणायचं.

घोडबंदरचा_चकवा:
पाटीचा मुद्दा मान्य, पण मग 'बोजॅक हॉर्समन' विसरू नका. पहिल्याच सीझनमध्ये, २०१४ साली, बोजॅक दारूच्या नशेत हॉलिवूडच्या पाटीतला 'डी' चोरतो. पोरकट गंमत. पण तेव्हापासून त्या जगात गावाचं नावच 'हॉलिवू' होतं, आणि सीझनमागून सीझन सगळे तसंच म्हणतात. विनोदाचा मलबा उचलायचा नाही, हे एकदा ठरलं की प्रेक्षक इतर जखमाही लक्षात ठेवायला लागतो.

ऐरोली_२४_फ्रेम:
हे पटलं. आता कामाचं बोलू. शांत सीन स्वस्त पडतो असं लेखकांना वाटतं, आणि तिथेच माती होते. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे दोन सेकंदांची शांतता ४८ फ्रेमची. रिगवरचं, म्हणजे हलवायच्या डिजिटल सांगाड्यावरचं पात्र तेवढा वेळ ठार स्थिर ठेवलं की व्हिडिओ अडकलाय असं वाटतं. छातीचा किंचित चढउतार हवा, पाचसहा फ्रेमची एखादी पापणी हवी, ती नजर वळतानाच. खाली खोलीचा आवाज हवा: पंखा, फ्रिजची घरघर. आणि शांततेची लांबी ॲनिमॅटिकमध्येच, म्हणजे आवाजाबरोबर लावलेल्या कच्च्या चित्रांतच ठरवा. नंतर एडिटला ताणली तर पोज पुरत नाही.

तलावपाळीकर:
भाड्याच्या दुःखाबद्दल एवढंच: ज्यांच्या नावाचं रंगायतन आपल्या तलावाकाठी उभं आहे, त्या गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आठवा. तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाला नाट्यगृह खदाखदा हसतं आणि सिंधूचा संसार बुडतो तोही त्याच बाटलीत. वस्तू एकच.

नमुना देतो, झोडा. ठाण्यातली जुनी सोसायटी. सेक्रेटरी आजोबा पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही टाळतायत. निमित्त काय, तर गच्चीवरच्या टाकीत परग्रहवासी घुसलेत, आधी त्यांना हाकलू दे. खरं कारण: स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, वारलेल्या बायकोच्या अक्षरात दुधाचा हिशेब आहे, पेन्सिलीनं.

ऐरोली_२४_फ्रेम:
गेलेली बायको, पेन्सिलीचं अक्षर! रडवण्याचं तयार पाकीट आहे हे. त्या अक्षरावर कॅमेरा हळूहळू जाणार आणि बासरी वाजणार, पैज लावतो.

घोडबंदरचा_चकवा:
मग कॅमेरा नेऊच नका. हिशेब परग्रहवाल्यालाच वाचू दे. मारामारी ऐन रंगात असताना तो दार उघडून म्हणतो, "१४ तारखेचं अर्धा लिटर दोनदा धरलंय." आजोबा हातातलं लाटणं खाली ठेवतात आणि बायकोची बाजू घेऊन भांडायला लागतात: त्या दिवशी पाहुणे होते, जास्तीचं घेतलं होतं, तिचा हिशेब चुकायचा नाही. विनोदी सीन, विनोदाच्याच वेगात. शांतता फक्त परग्रहवाल्याला द्यायची, दीड सेकंद.

तलावपाळीकर:
आणि सही?

घोडबंदरचा_चकवा:
या भागात नाही.

ऐरोली_२४_फ्रेम:
बासरी काढली असेल तर सीन ठेवा. दीड सेकंद म्हणजे ३६ फ्रेम, त्यात पापणी एकदाच, आणि त्याला तीन डोळे असतील तर तिन्ही एकदम मिटू नका, हशा पिकेल. शिवाय टाकी फुटली की फुटली. पुढच्या भागात सोसायटीत टँकर दिसलाच पाहिजे, आणि त्याच्या बिलावरून मीटिंगमध्ये भांडण.