पडद्याच्या ट्रेलरमधील ओल: खालची कड तपासावी

पडद्याच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे बाजूंना पक्क्या भिंतींऐवजी सरकते कापडी पडदे असलेल्या गाडीत, ओल आली तर वरून आणखी एक ताडपत्री टाकावी असे सुचवले जाते; छप्पर फाटले असेल तर ते योग्यच आहे. परंतु हिंगणघाटहून कापसाच्या गाठी घेऊन निघालेल्या आमच्या गाडीत ओल सापडली ती खालच्या थरात, कारण पडदा खाली आवळणारे पट्टे सैल राहिल्याने त्याची कड बॉडीच्या बाहेरून न उतरता आत दुमडली होती आणि चाकांनी उडवलेले पाणी तेथून शिरत होते. पडदा आधी दोन्ही टोकांच्या खांबांवर ताणावा, मगच पट्टे आवळावेत. माल भरण्यापूर्वी एकाने आत उभे राहून दारे बंद करून घ्यावीत व उजेडाचे ठिपके खडूने खुणावेत. ठिगळ मात्र कोरड्या, पुसलेल्या कापडावरच धरते. भर पावसात लावलेले आमचे ठिगळ वर्ध्यापर्यंतही टिकले नाही. सोयाबीन भरायचे असेल तर अधिक जपावे, कारण हमीभाव खरेदीत ओलाव्याची मर्यादा साधारणतः १२ टक्के असते.