गेम सुरुवातीला मस्त, नंतर अडखळतो. नवीन लॅपटॉपच घ्यावा लागेल का?

रावेर_केळीवाला:
दादा लोकांनो, मदत करा. लॅपटॉपचा प्रोसेसर आय-५ १०३००एच, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (४ जीबी), ८ जीबी रॅम एकाच काडीत, एसएसडी. जीटीए ५ खेळताना पहिली पंधरा-वीस मिनिटं लोण्यासारखं चालतं, मग दर थोड्या वेळाने झटका बसतो. कोपऱ्यातला आकडा सेकंदाला ७० फ्रेम दाखवतो तरी गाडी अडखळतच पळते. खोली वरच्या मजल्यावर, वर पत्रे, आणि मे महिना चालू आहे. मित्र म्हणतो गेम बूस्टर टाक. घरी नवीन लॅपटॉपचं नाव काढायची सोय नाही, बाबांनी यंदाच ठिबक बदललंय.

चोपडा_एक्सप्रेस:
अजून एक ८ जीबीची काडी टाक. दोन काड्या असल्या की ड्युअल चॅनल चालतं, म्हणजे प्रोसेसर दोन्ही काड्यांशी एकाच वेळी बोलतो, फरक लगेच कळतो. क्रोम बंद करून खेळ.

जळगाव_रिपेअरवाला:
रॅम लागेलच, पण आधी पैसे काढू नको रे भो. नुसती रॅम कमी पडली असती तर झटके बहुतेक सुरुवातीपासूनच बसले असते. तुझं आधी नीट आणि मग बिघडतं, म्हणजे संशय उष्णतेवर.

सरासरी ७० वर जाऊ नको. ६० फ्रेमला दर फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. मधलीच एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद अडकली तर डोळ्याला झटका दिसतो, सरासरी जवळपास तीच राहते. म्हणून आफ्टरबर्नर (खेळताना आकडे स्क्रीनवर दाखवणारं फुकट ॲप) टाक आणि स्क्रीनवर चार गोष्टी लाव: प्रोसेसरचं तापमान, त्याचा क्लॉक म्हणजे वेग, ग्राफिक्स कार्डचं तापमान, फ्रेमटाइमचा (एका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख. झटका बसतो त्या क्षणी तापमान शंभरीला टेकलेलं आणि क्लॉक धाडकन खाली आलेला दिसला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय.

आपल्याकडे हे जास्त होतं. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, आणि पत्र्याखाली ती हवाच तापलेली. त्यात धूळ. जिनिंगच्या आसपासचे लॅपटॉप माझ्याकडे येतात, तेव्हा हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) जाळीवर कापसाच्या तंतूंचा नमदा बसलेला असतो. पंखा जोरात फिरतो, पण हवा बाहेर पडायला वाटच नसते.

विनाखर्चाचं आधी कर. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के कर. टर्बो (गरजेला आपोआप वाढणारा वेग) बंद होईल, हा प्रोसेसर अडीच गिगाहर्ट्झच्या आसपास राहील. वेग कमी वाटतो, पण बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डच्या हीटपाइप (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) एकमेकांना जोडलेल्या असतात, त्यामुळे एक थंड झाला की दुसऱ्यालाही श्वास मिळतो. मग फ्रेम ६० वर बांध. लॅपटॉप गादीवर नको, मागची बाजू पुस्तकावर उचल. कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर सोडू नको, बोअरच्या पाण्याचे क्षारांचे तुषार आत जातात.

बूस्टर ॲप टाकू नको. ते फार तर मागची ॲप्स बंद करतं, ते तूही करू शकतोस. तापमान त्याने उतरत नाही.

रावेर_केळीवाला:
दादा, खरंच तसंच आहे! झटक्याच्या वेळी ९७ अंश, क्लॉक एकदम दीड गिगाहर्ट्झच्या खाली. ९९ टक्के आणि ६० फ्रेम केलं, आता तापमान ८० च्या आसपास राहतं आणि अडखळणं गेलं. एकच राहिलं, शहरात जोरात गाडी नेली की नवीन भाग येताना अजून थोडं थांबतं. आणि लाइट गेली की एकदम स्लो होतं.

जळगाव_रिपेअरवाला:
लाइट गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि ग्राफिक्स कार्डला वीज कमी मिळते, तो बिघाड नाही. तेव्हा खेळ थांबव.

नवीन भागात थांबतं ते ८ जीबी रॅम आणि ४ जीबी व्हीआरॅमचं (ग्राफिक्स कार्डची स्वतःची मेमरी). गेमच्या सेटिंगमध्ये टेक्स्चर एक पायरी खाली आण. इथे मात्र चोपड्याच्या भाऊचं बरोबर आहे, दुसरी काडी लागेल. आधीच्या काडीचाच प्रकार आणि वेग बघून घे, डीडीआर-४ आहे.

साफसफाई पावसाळ्याआधी करून घे. स्वतः उघडणार असशील तर आधी बॅटरीचं कनेक्टर काढ, आणि हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव, नाहीतर जास्त फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट सुकलेली दिसली तर ती पुसून नवीन लाव. भीती वाटत असेल तर जवळच्या दुकानात दे, पण पेस्ट समोर उभं राहून लावून घे.

चोपडा_एक्सप्रेस:
काडी घेताना जुन्या काडीवरच्या स्टिकरचा फोटो दुकानात दाखव. ३२०० लिहिलेलं असलं तरी हा प्रोसेसर २९३३ वरच चालवतो, त्यामुळे जास्त वेगाच्या काडीला जादा पैसे देऊ नको.