कॅलसचा लिस्बनमधला 'ला त्राव्हियाता' (1958): दोष गळ्याचा की टेपचा?

मंडळी, एक जुनं लाइव्ह रेकॉर्डिंग पारखायला मदत हवी आहे.

इटालियन संगीतकार व्हेर्दीचा ऑपेरा 'ला त्राव्हियाता', 27 मार्च 1958, लिस्बनचं सांव कार्लुश नाट्यगृह. नायिका व्हिओलेत्ताच्या भूमिकेत गायिका मारिया कॅलस, तिच्या प्रियकराच्या, आल्फ्रेदोच्या भूमिकेत तिशीतला आल्फ्रेदो क्राउस (पात्राचं आणि गायकाचं नाव एकच), सोबत मारिओ सेरेनी. संचालन फ्रांको गिओनेचं. स्टुडिओत कॅलसने हा ऑपेरा एकदाच केला, 1953 साली चेत्रा कंपनीसाठी. तो दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा गायला त्या करारात मनाई होती, त्यापायी ईएमआय या रेकॉर्ड कंपनीला 1955 मध्ये गायिका आंतोनिएत्ता स्तेल्लाला घ्यावं लागलं. म्हणजे पिकलेली कॅलस व्हिओलेत्ता म्हणून ऐकायची तर लाइव्हवाचून गत्यंतर नाही.

पहिली कटकट प्रॉम्प्टरची. गायकांना ओळीची सुरुवात पुरवणारा हा बाबा रंगमंचाच्या तोंडाशी बसतो, आणि माइक बहुधा त्याच्याच उशाशी होता. नाजूक जागांच्या आधी नेमका तोच ऐकू येतो! पण त्याची सवय होते.

खरा घोळ पट्टीचा आहे. पहिल्या अंकाच्या शेवटचं व्हिओलेत्ताचं गाणं 'सेम्प्रे लिबेरा' ए फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे सा काळी चार. माझ्या सीडीबरोबर पेटी धरली तर सा काळी चार आणि पांढरी सहाच्या मधेच कुठेतरी लागतो. टेप साधारण सहा टक्के जलद फिरली की सूर एक पट्टी चढतो आणि लयही तेवढीच वाढते. इथे निम्मा फरक असावा. की वाद्यवृंदच चढा लावला होता? शेवटचा ई फ्लॅट (आपल्या हिशेबाने तार पंचम; व्हेर्दीने तो लिहिलेला नाही, प्रघाताने घेतात) थरथरतो. त्यातलं तिचं किती आणि यंत्राचं किती, हे कसं ठरवायचं?

शेवटच्या अंकातल्या तिच्या 'आद्दिओ देल पास्सातो' या गाण्याचं दुसरं कडवं गाळलंय, पण ती तेव्हाची रीतच होती. त्याचे गुण मी कापत नाही.

आमच्या श्रवणगटात एकच ध्वनिमुद्रण ऐकवायचंय. मिलानचं 1955चं (संचालक जुलिनी, आल्फ्रेदो दी स्तेफानो) आवाजाने फारच फाटकं आहे. राहिलं 20 जून 1958चं लंडन, कोव्हेंट गार्डन. तिथे आल्फ्रेदोची भूमिका चेझारे वाल्लेत्तीची आहे. तोही सुरेख गातो, पण माझा कौल क्राउसलाच.

तर, लिस्बनची पट्टी दुरुस्त केलेली प्रत कुणी ऐकली आहे का? आणि गती स्वतः कमी करायची झाली, तर ती सगळीकडे सारखी करावी की अंकागणिक तपासावी?