९१ ला मूळ समजू नका

९१ मूळ (१ आणि स्वतः, एवढे दोनच विभाजक असलेली) की संयुक्त (त्याहून जास्त विभाजक असलेली), हे दहापर्यंतच्या पाढ्यांत न सापडल्यामुळे मुलं अडतात. आमच्या सोलापुरात घरोघरी चादरी, म्हणून मी लेकीला घड्यांवरच शिकवलं. २४ घड्या सारख्या ओळींत मांडल्या: १×२४, २×१२, ३×८, ४×६. पुढे ६×४ आलं, म्हणजे जोड्या उलटू लागल्या, तिथंच थांबायचं. २३ घड्यांची मात्र एकच लांबलचक ओळ झाली. तिला तेव्हा मूळ संख्या खरी कळली!

आता ९१. १० चा वर्ग १००, ९१ त्याहून लहान, म्हणून १० च्या आतल्या मूळ संख्यांनीच भागून पाहा. २, ३, ५ ने भाग जात नाही, ७ ने जातो: ७×१३. ९७ ला चौघांपैकी कुणाचाच जात नाही, ती मूळ. आणि १ कृपया मूळ किंवा संयुक्त, कुठंच धरू नका, तिला विभाजकच एक.