चलान फक्त स्टॉपलाइनचं?
पायी चालणाऱ्याला कायद्याने हक्कच नाही मग पोलीस तरी काय करणार, आणि पादचारीच बेशिस्त, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. २०१७ च्या मोटर व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे गाडी चालवायच्या नियमांमध्ये, सरळ आहे, सिग्नल नसलेल्या झेब्रावर गाडी हळू करायची, थांबायचं आणि माणसाला आधी जाऊ द्यायचं. आता सिग्नल तोडला किंवा स्टॉपलाइन (झेब्राच्या आधीची थांबायची रेषा) ओलांडली की कॅमेरा फोटो काढतो आणि चलान मोबाइलवर, पण झेब्रावर वाट दिली नाही म्हणून दंड भरलेला माणूस मला तरी अजून भेटायचाय!

आणि बेशिस्त पादचारी म्हणताय ना, आमच्या चौकात हिरवा माणूस लागतो तेव्हाच फ्री लेफ्टवाले (सिग्नलला न थांबता डावीकडे वळणारे) टूव्हीलर दामटत येतात, वर हॉर्न, आणि त्यातून जीव मुठीत धरून पलीकडे पोचलात तर झेब्रा संपतो तो थेट रेलिंगला, मग रस्त्यावरूनच चालत फट शोधायची. याचं चलान कुणाच्या नावाने फाडणार? मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत १९८अ कलम आलंय खरं, रस्त्याच्या डिझाइनचे निकष न पाळणाऱ्या यंत्रणेला नाहीतर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड, पण तोही कुणी मेलं किंवा अपंग झालं तरच.